ड्राईव्हवेवरची गाडी, संपलेला विमा: ब्रिटनमध्ये पोलीस गाडी कधी उचलू शकतात?

नमस्कार. आजचा विषय ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी, त्यातही दोन-दोन महिने भारतात सुट्टीला जाणाऱ्यांसाठी.

गाडी घरापुढच्या ड्राईव्हवेवर लावली आणि तुम्ही विमान पकडलं. मधल्या काळात विम्याची मुदत संपते. मनात येतं, गाडी जागची हलणार नाही, मग पैसे कशाला भरायचे? भारतातून ही सवय घेऊनच आपण येतो. तिकडच्या मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरण्याबद्दल आहे. बंगल्याच्या आवारात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीचा विमा नाही म्हणून कुणी दंड करत नाही. ब्रिटनमध्ये करतात.

इथे १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टमध्ये दोन वेगळे गुन्हे आहेत. कलम १४३ म्हणतं, विम्याशिवाय रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी गाडी वापरायची नाही. कलम १४४ए म्हणतं, विम्याशिवाय गाडी बाळगायचीच नाही. हे दुसरं कलम जून २०११ पासून अमलात आलं. त्यात गाडी चालवली का, हा प्रश्नच येत नाही. लॉगबुकवर, म्हणजे व्हीफाईव्हसी नावाच्या गाडीच्या नोंदणीपत्रावर, रजिस्टर्ड कीपर म्हणून ज्याचं नाव, तो जबाबदार. हे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचं. उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा आहे.

पकडतात कसं? त्यासाठी तुमच्या दारात कुणी यावं लागत नाही. मोटर इन्शुरन्स डेटाबेसमध्ये विमा असलेल्या गाड्यांची नोंद असते आणि डीव्हीएलएकडे, म्हणजे वाहन नोंदणी व लायसन्सच्या सरकारी खात्याकडे, सगळ्या गाड्यांची. दोन्ही याद्या ताडून पाहतात. तुमची गाडी एकीत आहे, दुसरीत नाही, की आधी एक सूचनापत्र येतं. दुर्लक्ष केलं तर १०० पाउंडांचा दंड. तो भरून प्रकरण मिटत नाही, कारण गाडी अजूनही विम्याविनाच आहे. पुढे चाकाला क्लॅम्प, म्हणजे कुलूप, लागू शकतो, किंवा कोर्टात १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

बहुतेकांचं बिघडतं ते इथे: हे पत्र लॉगबुकवरच्या पत्त्यावर जातं. तुम्ही लेस्टरहून रेडिंगला घर बदललं, बँकेला कळवलं, जीपीला कळवलं, डीव्हीएलएला कळवायचं राहिलं, की पत्र जुन्या घरी जाऊन पडतं. दुसरी गडबड पॉलिसीच्या आपोआप नूतनीकरणाची. बँकेचं कार्ड बदललेलं असतं, पैसे कापले जात नाहीत, आणि पॉलिसी रद्द झाल्याचा ईमेल स्पॅममध्ये पडून राहतो. निघण्याआधी एकदा स्वतःच्या गाडीचा नंबर डेटाबेसमध्ये तपासून घ्या. ते फुकट आहे.

विमा खरोखरच नको असेल तर कायदेशीर वाट एकच, सॉर्न. गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला अधिकृतपणे कळवायचं. ऑनलाइन होतं, शुल्क नाही. लॉगबुकवरचा ११ अंकी क्रमांक टाकला तर सॉर्न ताबडतोब लागू होतं. टॅक्सच्या आठवणपत्रावरचा १६ अंकी क्रमांक वापरला तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. सोमवारी निघायचं असेल तर लॉगबुक शोधून ठेवा. उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत मिळतो.

सॉर्न केलेली गाडी रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. म्हणजे तुमच्या घराला ड्राईव्हवे नसेल आणि गाडी गल्लीत लागत असेल, तर विमा चालू ठेवण्यावाचून इलाज नाही. गाडी कर्जावर किंवा पीसीपीवर (हप्त्यांनी गाडी घेण्याचा एक करार) असेल तर सॉर्नचा विचार करण्याआधी करार वाचा. पूर्ण विमा चालू ठेवायची अट त्यात बहुधा असतेच. आणि सॉर्नच्या काळात विमा बंद केलात तर चोरी, आग यांची भरपाईही गेली, हे लक्षात ठेवा. परत आल्यावर आधी विमा, मग टॅक्स, मग किल्ली फिरवायची. मध्ये एमओटी, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीची मुदत, संपली असेल तर आधी वेळ ठरवलेल्या एमओटीसाठी सॉर्नची गाडी नेता येते, पण तेव्हाही विमा हवाच.

आता पोलिसांकडे वळू. गाडी जप्त करण्याचा त्यांचा अधिकार कलम १६५ए मध्ये आहे, आणि त्याबद्दल दोन्ही टोकांचे गैरसमज ऐकू येतात. एक म्हणजे, माझ्या जागेत पोलीस पाय ठेवू शकत नाहीत. दुसरा, विमा संपला की ड्राईव्हवेवरून गाडी उचलून नेतील. दोन्ही चूक.

या कलमाची सुरुवात गाडी चालवण्यापासून होते. गणवेशातल्या पोलिसाने विम्याचा पुरावा मागितला, तो तुम्ही दिला नाही, आणि गाडी विम्याशिवाय चालवली जातेय किंवा चालवली गेली असं मानायला त्याच्याकडे सबळ कारण आहे, तर जप्ती. किंवा थांबायची खूण केली, गाडी थांबलीच नाही आणि ती विम्याशिवाय आहे असं मानायला तसंच सबळ कारण आहे, तरीही जप्ती. नुसती उभी, महिनाभर न हललेली गाडी या कलमात बसत नाही. तिच्यासाठी १४४ए आणि ती पत्रं आहेत.

पण एकदा अट पूर्ण झाली की कुंपण उपयोगी पडत नाही. समजा रात्री ९ वाजता कॅमेऱ्याने नंबर टिपला, पोलिसांनी हात केला, चालक न थांबता घरी आला आणि गाडी गॅरेजमध्ये घालून शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी रात्री ९ पर्यंत, म्हणजे २४ तास, पोलीस त्या गाडीसाठी येऊ शकतात. कलमाने पोलिसांना फक्त राहत्या घरात शिरायला मनाई केली आहे, आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की राहत्या घरात गॅरेज, शेड किंवा घराला लागून असलेली जागा धरायची नाही. गरजेपुरतं बळ वापरायचीही मुभा आहे.

विम्याशिवाय चालवताना सापडलात तर ३०० पाउंड आणि ६ पेनल्टी पॉइंट. कोर्टात गेलं तर याहून जास्त. हे ६ पॉइंट आपल्या लोकांना फार महागात पडतात. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिनेच चालवता येतं, म्हणून बरेच जण इथली परीक्षा नव्याने देतात. पास झाल्यापासून २ वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द. पुण्यात १५ वर्षं गाडी चालवली असली तरी पुन्हा थिअरीपासून सुरुवात. विद्यार्थ्यांनो, साध्या घरगुती पॉलिसीवर जेवणाची डिलिव्हरी करणं हेही विम्याशिवाय चालवणंच ठरतं. पॉलिसी चालू असली तरीही.

गाडी उचललीच तर घड्याळ लगेच सुरू होतं. साध्या, न आपटलेल्या कारला उचलण्याचे १९२ पाउंड आणि यार्डात ठेवण्याचे रोजचे २६. मालकीचा पुरावा, लायसन्स आणि विम्याचं प्रमाणपत्र घेऊन जावं लागतं. लोक घाईत एका दिवसाची तात्पुरती पॉलिसी काढतात आणि काउंटरवरून परत येतात, कारण तिच्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: जप्त गाडी सोडवण्यासाठी चालणार नाही. पॉलिसी घेताना विचारा की जप्त झालेली गाडी यार्डातून सोडवायला ही चालते का, आणि उत्तर लेखी मागा. अशी पॉलिसी मिळेपर्यंत यार्डात खेपा घालू नका, पण नोटिशीतली मुदतही चुकवू नका. १४ दिवसांनंतर गाडी विकायचा किंवा मोडीत काढायचा अधिकार पोलिसांना मिळतो.