हायकोर्टाची हद्द: ओव्हल ते भाऊसिंगजी रोड

[सकाळ. ओव्हल मैदान. पलीकडे मुंबई हायकोर्टाची पश्चिमेची बाजू.]

मैदानात स्टंप ठोकले जातायत. त्यांच्या मागे उभी आहे ती 562 फूट लांब आणि 187 फूट रुंद दगडी इमारत. मधला मनोरा पावणेदोनशे फुटांच्या वर जातो. त्याच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या अष्टकोनी मनोऱ्यांच्या पोटात गोल जिने आहेत, न्यायमूर्तींसाठी राखलेले. माथ्यावर दोन पुतळे: न्याय आणि दया.

एप्रिल 1871 मध्ये काम सुरू झालं आणि नोव्हेंबर 1878 मध्ये संपलं. आराखडा कर्नल जेम्स फुलर यांचा. अंदाजपत्रक होतं 16,47,196 रुपयांचं, खर्च आला 16,44,528. साडेसात वर्षं चाललेल्या सरकारी बांधकामात 2,668 रुपये शिल्लक राहिले. 10 जानेवारी 1879 रोजी इथे पहिल्यांदा कोर्ट भरलं.

[दगडी खांबाचा माथा, जवळून.]

हा खांब नीट बघा. माकडाच्या हातात तराजू आहे आणि त्याच्या एका डोळ्यावर पट्टी. ज्या कारागिराने हे कोरलं त्याचं नाव कुठेच नाही.

[अपोलो स्ट्रीट. जुनी इमारत. रहदारी.]

कोर्ट मात्र इमारतीपेक्षा जुनं. ब्रिटिश पार्लमेंटने 1861 मध्ये कायदा केला, 26 जून 1862 रोजी राणीची सनद निघाली आणि 14 ऑगस्ट 1862 रोजी फोर्टात, अपोलो स्ट्रीटवर, मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज सुरू झालं. सनदेने जागा मंजूर केल्या होत्या पंधरा, पहिल्या दिवशी न्यायमूर्ती होते सात.

त्याआधी या इलाख्यात दोन न्यायव्यवस्था शेजारी शेजारी चालत. मुंबई शहरापुरतं 1824 मध्ये सुरू झालेलं राजाचं सुप्रीम कोर्ट होतं. तिथे इंग्लंडचा कायदा, बॅरिस्टर आणि ज्यूरी. शहराबाहेर, ज्याला वकील मंडळी आजही मोफसिल म्हणतात तिथे, ईस्ट इंडिया कंपनीची सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालत. तिथले वकील देशी, नियम गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या 1827 च्या रेग्युलेशनांचे. 1862 मध्ये ही दोन्ही घरं एका छपराखाली आली. छप्पर एक झालं, पण चुली दोनच राहिल्या, आणि या कोर्टाचं कामकाज समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते.

[फाइलिंग काउंटर. लाल फितीत बांधलेले गठ्ठे.]

सुप्रीम कोर्टाची चूल म्हणजे आजची ओरिजिनल साइड, अदालतींची चूल म्हणजे अपेलेट साइड, अपिलांची बाजू. एकीचे नियम 1980 चे, दुसरीचे 1960 चे. ओरिजिनल साइडला कागद दाखल केला की लॉजिंग नंबर पडतो, अपेलेट साइडला स्टॅम्प नंबर. हे दोन्ही नंबर तात्पुरते. ऑफिस कागद तपासून हरकती काढतं: पान अस्पष्ट आहे, सही राहिलीय, कोर्ट फी कमी पडलीय, परिशिष्ट जोडलेलं नाही. मुदतीत हरकती दूर केल्या नाहीत तर प्रकरणाला कायमचा नंबर मिळत नाही आणि ते न्यायमूर्तींसमोर जाण्याआधीच निकाली निघतं. गावाकडचा पक्षकार वर्षभर "केस हायकोर्टात आहे" असं सांगत फिरतो, आणि केस याच काउंटरवर संपलेली असते.

ओरिजिनल साइडचं काम खालच्या कोर्टासारखं. दावा थेट इथेच दाखल होतो आणि पुरावाही इथेच नोंदवला जातो. पण ते फक्त बृहन्मुंबईच्या हद्दीपुरतं. पुण्याचा किंवा नाशिकचा दिवाणी दावा आधी तिथल्याच कोर्टात लागतो. ही हद्द 1865 च्या सुधारित सनदेच्या बाराव्या कलमातून येते आणि ते कलम आजही लागू आहे. जमिनीचा दावा असेल तर जमीन मुंबईत हवी. इतर दाव्यात दाव्याचं कारण मुंबईत घडलेलं हवं, किंवा प्रतिवादी मुंबईत राहणारा अथवा इथे धंदा करणारा हवा. कारणाचा थोडाच भाग मुंबईत घडला असेल, म्हणजे करार मुंबईत झाला आणि माल पोचला सुरतेला, तर दावा दाखल करण्याआधी कोर्टाची परवानगी लागते. तिला इथे 'लीव्ह अंडर क्लॉज ट्वेल्व्ह' म्हणतात. ती आधी घेतलेली नसेल तर मागाहून घेऊन भागत नाही. सगळा दावा हद्दीच्या मुद्द्यावर पडू शकतो.

रकमेची हद्दही सरकत आलीय. 1948 मध्ये सिटी सिव्हिल कोर्ट निघालं आणि छोटे दावे तिकडे गेले. 2012 मध्ये सीमा एक कोटीवर गेली, 2024 पासून दहा कोटींवर.

[मुंबई बंदर. नांगर टाकलेलं मालवाहू जहाज. डेकवर चढणारी माणसं.]

ओरिजिनल साइडला आणखी एक अधिकार आहे, जो अगदी मोजक्या उच्च न्यायालयांकडे आहे: जहाजाला अटक. कुणी खलाशांचा पगार थकवलाय, कुणी इंधनाचं बिल. मालक परदेशात बसलेला, पण जहाज इथे उभं आहे. दावा थेट जहाजावर होतो. वकील आधी कॅव्हेटचं, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश नको' अशा आगाऊ नोंदींचं, रजिस्टर तपासतो, मालकाने अटकेविरुद्ध आधीच कॅव्हेट टाकलंय का ते बघायला. अटक चुकीची ठरली तर भरपाई देण्याची हमी द्यावी लागते. मग वॉरंट निघतं, ते जहाजावर चिकटवलं जातं, बंदर खात्याला आणि कस्टमला कळवलं जातं. बंदरातून वाट दाखवणारा पायलट मिळत नाही, मग जहाज हलत नाही. मात्र ते अटकेच्या क्षणी कोर्टाच्या हद्दीतल्या सागरी पट्ट्यात असायला हवं. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे गेलं, तर दावा कागदावरच राहिला.

[दुसरा मजला. सेंट्रल कोर्ट. पितळी मुठीचं दार.]

हे सेंट्रल कोर्ट. जुलै 1908 मध्ये लोकमान्य टिळक याच दालनात उभे होते. 'केसरी' छापला जाई पुण्यात, पण अंक मुंबईतही वाटला जाई, म्हणून गुन्हा मुंबईत घडला असं धरून खटला इथे चालला. पुण्यात चालला असता तर ज्यूरी वेगळी असती. इथल्या ज्यूरीत नऊ जण, त्यांपैकी सात युरोपीय. कौल पडला सात विरुद्ध दोन. 22 जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली.

[दालनाबाहेरचा संगमरवरी फलक. कॅमेरा ओळीवरून ओळीवर. निवेदन थांबतं.]

हा फलक 1956 मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते लागला. ते या कोर्टाचे पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य न्यायमूर्ती. शहरातले फौजदारी खटले थेट हायकोर्टात चालवण्याची पद्धत बृहन्मुंबईचं सत्र न्यायालय निघाल्यावर संपली.

[जुना नकाशा. रेषा एकेक करून बदलतात.]

आता नकाशा बघू. 1862 मध्ये या कोर्टाखाली गुजरात, खानदेश, दख्खन, कोकण आणि धारवाड, विजापूर, बेळगाव, कारवार हा कानडी मुलूख. एडन बंदरातलं अपीलसुद्धा एकेकाळी मुंबईलाच येई. 1 नोव्हेंबर 1956 ला कानडी जिल्हे म्हैसूरकडे गेले, विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ आत आले. नागपूर आणि राजकोट इथे खंडपीठं बसली. 1 मे 1960 ला गुजरातचं स्वतःचं उच्च न्यायालय झालं.

इथे एका शब्दाचा घोळ सोडवून घेऊ. मराठीत खंडपीठ म्हणजे मुंबईबाहेर बसणारं कोर्टही, आणि दोन न्यायमूर्ती एकत्र बसतात तेही. नागपूर खंडपीठात एकटे न्यायमूर्तीही बसतात आणि कोल्हापुरात दोघांचं खंडपीठही बसतं. बातमी वाचताना हे ध्यानात ठेवावं.

[नागपूर. सिव्हिल लाइन्स. घुमट.]

नागपूरला 1936 पासून स्वतःचं उच्च न्यायालय होतं. ही घुमटाची इमारत 1940 मध्ये उघडली. आज इथे विदर्भाच्या 11 जिल्ह्यांची प्रकरणं येतात. सिरोंचाचा माणूस मात्र आजही नागपूरला यायला साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर कापतो.

औरंगाबादला 27 ऑगस्ट 1981 रोजी कोर्ट बसलं. ते बसवण्याच्या आदेशाला आव्हान मिळालं, हायकोर्टात तो टिकला नाही, सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये उचलून धरला, आणि 1984 मध्ये खंडपीठ कायम झालं. अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार धरून 12 जिल्हे तिथे जातात.

[पर्वरी. गोव्यातली नवी इमारत.]

गोवा 30 ऑक्टोबर 1982 पासून. पर्वरीची ही इमारत 2021 ची. इथे नवरा-बायकोच्या मालमत्तेचा वाद आला, की न्यायमूर्तींना 1867 ची पोर्तुगीज दिवाणी संहिता उघडावी लागते. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर दोघांची निम्मी निम्मी मालकी. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेशही मुंबईच्याच हद्दीत.

[मराठी हुकूमनामा. शेजारी त्याचं इंग्रजी भाषांतर. पेन्सिलीच्या खुणा.]

न्यायमूर्तींची मंजूर पदं 94, भरलेली कायमच कमी, आणि प्रलंबित प्रकरणांचा ढीग वाढता.

पण हा कागद जरा जवळून बघा. खालच्या कोर्टाची भाषा मराठी. संविधानाच्या 348 व्या अनुच्छेदानुसार हायकोर्टाची भाषा इंग्रजी. म्हणून हुकूमनामा (निकालाचा औपचारिक आदेश), जबाब, सातबारा, खरेदीखत, सगळ्यांचं भाषांतर जोडावं लागतं. मूळ कागदात आहे 'वहिवाट'. भाषांतरात झालं 'पझेशन'. दोन ओळी खाली मूळ शब्द आहे 'ताबा'. त्याचंही 'पझेशन'. वाटेच्या वहिवाटीचा हक्क आणि जमिनीचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी, आणि दावाच त्या फरकावर उभा असतो. चांगला वकील म्हणून कंसात मूळ मराठी शब्द ठेवतो.

[नकलेची मागची बाजू. शिक्के.]

मुदतीचा हिशेब या शिक्क्यांवर. जिल्हा न्यायालयाच्या निकालाविरुद्ध हायकोर्टात दुसरं अपील करायला 90 दिवस. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात. अर्ज द्यायला लावलेला उशीर वजा होत नाही. नक्कल तयार असताना न्यायला आला नाहीत, ते दिवसही नाहीत. पक्षकार चुकतात ते इथेच. मग उशीर माफीचा वेगळा अर्ज, आणि प्रत्येक दिवसाचा खुलासा. शिवाय दुसऱ्या अपिलात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. साक्षीदार खरं बोलला की खोटं, हे तिथे पुन्हा कुणी तपासत नाही. हे आधीच समजावून सांगणारा वकील अशिलाचे पैसे आणि चार वर्षं वाचवतो.

[रात्र. कोल्हापूर बसस्थानक. मांडीवर फाइल घेतलेला वृद्ध. निवेदन नाही.]

[सकाळ. भाऊसिंगजी रोड. सीपीआर रुग्णालयासमोरची इमारत.]

कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. या सहा जिल्ह्यांची खंडपीठाची मागणी चाळीस वर्षांच्या वरची. सावंतवाडीहून पणजी दोन तासांवर, पण राज्य वेगळं, म्हणून कागद पाचशे किलोमीटरवर मुंबईला जायचा. कोल्हापूर संस्थानाला तर स्वतःचं उच्च न्यायालय होतं. 1 मार्च 1949 ला संस्थान विलीन झालं आणि तेही गेलं.

1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याचं 51 वं कलम. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाने राष्ट्रपती कायम खंडपीठ देतात. तिसऱ्याने मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेने कोर्ट दुसरीकडे बसवू शकतात. कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे कायम न झालेलं खंडपीठ, तिसऱ्या पोटकलमाखाली आलं. 17 ऑगस्ट 2025 ला तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालं, दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. कायमपण अजून मिळवायचं आहे. औरंगाबादला त्यासाठी तीन वर्षं लागली होती.

मुंबईत आता सात जिल्हे उरले: शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, पुणे, नाशिक. वांद्र्याच्या तीस एकरांवर नव्या संकुलाचं भूमिपूजन 23 सप्टेंबर 2024 ला झालं.

[दगडी व्हरांडा. बोर्ड वाचणारे पक्षकार.]

ही इमारत कोल्हापूरचं जुनं जिल्हा न्यायालय. ज्या दालनांत हुकूमनामे झाले, त्याच दालनांत आता त्यांच्यावरची अपिलं ऐकली जातात. जिल्हा न्यायालय आधीच कसबा बावड्यात गेलंय. तिथून निघालेली नक्कल इथे पोचवायला आता रिक्षा पुरते.