वाटी किती मिलिलिटरची?

नमस्कार श्रोतेहो. 'एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी' हे प्रमाण कुठल्याही वाटीला चालतं. तांदूळ आणि पाणी दोन्ही एकाच वाटीनं मोजले की वाटी लहान आहे की मोठी, याला महत्त्व उरत नाही. फसगत होते ती एक माप वाटीचं आणि दुसरं पुडीवर छापलेल्या ग्रॅमचं किंवा लिटरचं असतं तेव्हा. अशा वेळी आपली वाटी, आपलं फुलपात्र, आपला तांब्या नेमका केवढा, हे ठाऊक असावं लागतं. ते काढायला लागतो एक साधा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि नळाचं पाणी. कागद-पेन्सिल जवळ घ्या.

एक मिलिलिटर पाण्याचं वजन एक ग्रॅम, एवढं धरून चाला. आपल्याकडच्या 30 अंशांच्या हवेत ते काटेकोरपणे 0.996 ग्रॅम भरतं. म्हणजे लिटरमागे 4 ग्रॅम कमी. घरकामात हा फरक सोडून द्यावा.

काटा ओट्यावर, सपाट आणि कडक जागेवर ठेवा. खाली फडकं किंवा वर्तमानपत्राची घडी नको, आणि पंखा बंद करा. काट्याची शंका असेल तर ₹ हे चिन्ह असलेली दहा रुपयांची दहा नाणी ठेवून बघा. आकडा 77 ग्रॅमच्या आसपास यायला हवा. मग कोरडी वाटी ठेवा आणि तिचं वजन लिहून घ्या. नुसतं बटन दाबून शून्य करून पुढे जाऊ नका, कारण पाणी ओतता ओतता बरेच काटे आपोआप बंद होतात आणि ते शून्य पुसलं जातं. आता पाणी भरा, बाहेरचे ओघळ पुसा, पुन्हा वजन करा. भरलेल्या वाटीतून रिकामी वाटी वजा केली की जेवढे ग्रॅम उरले तेवढे मिलिलिटर. वाटी रिकामी 62 आणि भरलेली 214 असेल, तर ती 152 मिलिलिटरची.

इथे दोन चुका हमखास होतात. शेवटी शेवटी आपण थेंब थेंब पाणी सोडतो. काही काटे इतकी सावकाश वाढ धरतच नाहीत, उलट तिथलाच आकडा कायम ठेवतात. म्हणून वाटी उचलून काटा शून्यावर येऊ द्या आणि भरलेली वाटी परत ठेवून वाचा. दुसरी चूक काठाशी होते. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं आणि सांडत नाही. डोळ्याला ती वाटी 'काठोकाठ' वाटते. वाटीचं तोंड 9 सेंटिमीटर रुंद असेल, तर दोन मिलिमीटरच्या या फुगवट्यात 12 मिलिलिटर पाणी मावतं. दीडशेच्या वाटीला ही चूक फारच मोठी झाली. वाकून, डोळे काठाच्या पातळीला आणून बघा. फुगवटा दिसला तर चमच्यानं थोडं पाणी काढा.

पाण्याचं माप कळलं म्हणून धान्याचं वजन कळत नाही. 200 मिलिलिटरच्या वाटीत साखर साधारण 165 ते 170 ग्रॅम बसते, तांदूळ 160च्या आसपास. कणकेचं मात्र एक उत्तर नाही. चाळून, हलक्या हातानं भरली तर जेमतेम 100 ग्रॅम, आणि डब्यात वाटी दाबून काढली तर सव्वाशे. कणांमध्ये हवा किती अडकली, यावर सारं अवलंबून असतं. जुन्या काळी पायलीनं धान्य मोजताना 'सपाट की शिगेचं' हे आधी ठरवून घेत ते उगीच नाही. चार शेरांची पायली हे आकारमानाचं माप. ती ज्वारीनं भरा किंवा पोह्यांनी, पायली तीच, वजन निराळं. केक किंवा ब्रेड करायचा असेल तर कणीक आणि मैदा वजनानंच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेलही असंच. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणून पिशवीवर दोन्ही आकडे असतात. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं एक लिटर तेल 21 अंशांना सुमारे 919 ग्रॅम, तर 60 अंशांना सुमारे 893 ग्रॅम. दोन पिशव्यांची तुलना करताना ग्रॅमचा आकडा बघा.

मोठा डबा काट्यावर मावत नाही. तिथे पट्टी घ्या. आतला व्यास गुणिले आतला व्यास, गुणिले उंची, गुणिले 0.785. सगळं सेंटिमीटरमध्ये. व्यास 20, उंची 25 असेल तर 7,850 मिलिलिटर. व्यास मोजताना फक्त दोन मिलिमीटर जास्त धरलेत, तर डबा कागदावर दीडशे मिलिलिटरनं वाढतो, कारण व्यास दोनदा गुणला जातो. म्हणून तो दोन-तीन जागी मोजा. आणि या डब्यात तांदूळ पावणेआठ किलो मावणार नाही, सव्वासहाच्या आसपास मावेल.

शेवटी ओआरएस, म्हणजे जुलाबात द्यायची मीठ-साखरेची पुडी. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पुड्या 200 मिलिलिटरसाठीही मिळतात. पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्यायचं. 'तांब्याभर' हे माप इथे चालणार नाही. पाणी कमी पडलं तर द्रावणात मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला ते धोक्याचं ठरू शकतं. पाणी जास्त झालं तर मीठ-साखर पुरेशी पोचत नाही. लिटरपेक्षा मोठी, पारदर्शक, स्वच्छ बरणी काट्यावर ठेवा, बरणीचं वजन सोडून 1,000 ग्रॅम पाणी भरा. बरणी सपाट जागी ठेवून डोळे पातळीला आणा. काचेजवळ पाणी किंचित वर चढलेलं दिसेल, ते सोडा. मधल्या सपाट पातळीशी चिकटपट्टीची वरची कड जुळवून पट्टी लावा. घरात काटा नसेल तर एक लिटर पाण्याची सीलबंद बाटली आणा आणि झाकण उघडण्याआधीच पाण्याच्या पातळीला मार्करनं रेघ मारा. काठापर्यंत भरली तर त्याच बाटलीत लिटरपेक्षा जास्त पाणी मावतं.