पीसी जोडला, पण स्क्रीन काळीच?

हा बघा प्रोसेसर, रायझन ५ ७६००. याच्या पोटाला एकही पिन नाही, नुसते सोनेरी ठिपके. पिना आहेत त्या इथे, मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये, तब्बल १,७१८. म्हणून प्रोसेसर कडेने धरा आणि सॉकेटला बोटसुद्धा लावू नका. एक पिन वाकली तरी बोर्ड गेल्यात जमा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा हा त्रिकोण सॉकेटवरच्या त्या त्रिकोणासमोर आणायचा, प्रोसेसर अलगद सोडायचा, मग दांडी खाली. करकर वाजतं, पोटात गोळा येतो. येऊ दे.

या प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे. मोठ्या गेमना ते पुरणार नाही, पण अभ्यास, ऑफिसची कामं, व्हिडिओ सगळं होतं. म्हणजे ग्राफिक्स कार्ड आजच घ्यायला हवं असं नाही, गणेश चवथीनंतर घ्या. पण एसएमपीएसमध्ये, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, कंजुषी नको, इथे मी कुणाचं ऐकत नाही! आमच्या गोव्यात, फोंड्यात पाऊस सुरू झाला की लाइट येते-जाते, येते-जाते. त्यात कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस लावलात, तर तो जाताना एकटा जाईलच असं नाही. आणि ७५० वॉटही लागत नाहीत हो. प्रोसेसर ८८ वॉट, उद्या आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घातलं तर ११५, बाकी सगळं मिळून साठ-सत्तर धरा. चांगल्या कंपनीचा ५५० भरपूर झाला. उरलेल्या पैशात यूपीएस घ्या, आणि घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या.

हरमल-मोरजीकडे, समुद्राला लागून राहत असाल तर खारा वारा आधी स्क्रू खातो. पावसाळ्यात रोज तासभर तरी पीसी चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही.

रॅम डीडीआर५च लागते, जुनी डीडीआर४ या बोर्डात बसतच नाही. दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. टक् आवाज आला पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड रॅमची ओळख करून घेतो, त्यात काही मिनिटं जातात. मला हे ठाऊक नव्हतं. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. रात्री एक वाजेपर्यंत मी रॅम तीनदा काढून घातली, आणि दर वेळी बिचाऱ्या बोर्डाला पहिल्यापासून सुरुवात.

चला, दाबतो बटण. पंखे फिरले. स्क्रीन काळी. मी चहा घेऊन येतो.