‘यांना काही आठवण करून देऊ नका!’

(सांगलीतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘प्रेम, विस्मरण आणि रोजची मालिका : लिहायची कशी?’ त्यातलं ‘लिहायची कशी’ शेवटी येईल. वेळ संपत आली की चिठ्ठी येणार आहे, असं संयोजकांनी बजावलंय. त्यामुळे आलं तर येईल.

आधी दवाखान्यात जाऊ. नायकाच्या गाडीला अपघात होतो तो बहुधा शनिवारच्या भागात. मधे रविवार, आणि सोमवारी प्रेक्षक परत आला पाहिजे. सोमवारी साहेब डोळे उघडतात. कपाळाला पट्टी, भुवईच्या वर रुपयाएवढा लाल डाग, आणि पट्टीच्या वरचा भांग मात्र जसाच्या तसा. टाके घालायचे तर तिथले केस काढतात, हे मेकअपवाल्यालाही ठाऊक असतं. पण नायकाच्या करारात टक्कल बसत नाही.

डोळे उघडल्याउघडल्या तो व्याकरणशुद्ध विचारतो, ‘आपण कोण?’ डॉक्टर शुद्धीचं मोजमाप ज्या ग्लासगो मोजपट्टीनं करतात, ती १९७४ सालची. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५ गुण. अजिबात प्रतिसाद नसला तरी ३ मिळतातच, आपल्या शाळांपेक्षा उदार कारभार! गंभीर मार बसलेला माणूस या पायऱ्या चढत वर येतो. आधी कण्हणं, मग सुटे शब्द, मग भलतंच बोलणं, आणि मग दर पाच मिनिटांनी तोच प्रश्न : ‘मी कुठं आहे?’ आपला नायक ३ वरून थेट १५ वर. त्यानंतर कॅमेरा सासू, नणंद, मोठी जाऊ अशा एकेकीच्या तोंडावर तीन-तीनदा आपटतो. जाहिराती वजा जाता हातात राहतात बावीसेक मिनिटं, आणि तेवढ्यात ‘आपण कोण’ एवढंच घडतं.

चालायचंच. मोजपट्टीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती डॉक्टरांच्या पुढच्या वाक्याबद्दल. चष्मा काढून ते म्हणतात, ‘यांना काही आठवण करून देऊ नका. मेंदूवर ताण आला तर जीवाला धोका आहे.’

हे वाक्य कुठल्या पुस्तकातून आलं? सांगलीत कुणाच्या डोक्याला लागलं की पहिला शब्द निघतो, ‘मिरजेला हलवा.’ तिथल्या इस्पितळात हलवल्यावर, माणूस शुद्धीवर येऊन गोंधळलेला असला, की नातेवाइकांना नेमकं उलटं सांगतात. समोर मोठं कॅलेंडर लावा, घड्याळ दिसू द्या. सकाळी वार, तारीख, गाव सांगा. दुपारी परत सांगा. घरच्यांचे फोटो आणा, त्यावर नावं लिहा. आत येणाऱ्यानं स्वतःच म्हणायचं, ‘मी तुझी बहीण, कालही आले होते.’ एका वेळी एक-दोनच माणसं. आणि परीक्षा घेऊ नका. आपल्याकडे हीच खोड : आत्या येते, गालाला हात लावते, ‘ओळख बघू मी कोण?’ तो चुकतो, आत्या रडते, तो घाबरतो. ताण येतो तो असा. उत्तर सांगून टाकलं तर येत नाही.

मग मालिकेला ते वाक्य का लागतं? ते काढून बघा. मंगळवारी बायको लग्नाचा अल्बम घेऊन येते, ‘ही मी, हे तुम्ही, हा तुमचा रुसलेला मामा.’ संपलं! वर्षभराचा ट्रॅक गेला. लग्न झालेल्या जोडीत रुसवा-फुगवा उरत नाही, गुरुवारी येणारे टीआरपी घसरलेले असतात, आणि पहिली भेट पुन्हा घडवायची असते. त्यासाठी नायकानं विसरणं पुरत नाही. घरातल्या दहा जणांनी तोंड बंद ठेवायला हवं. डॉक्टर दहा जणांची तोंडं एका वाक्यात शिवून देतात.

हा डॉक्टर मालिकावाल्यांनी शोधलेला नाही. तो कालिदासाच्या ‘शाकुंतला’त आहे, आणि तिथे तो शाप देणारा दुर्वास नाही!

नाटकाचं गाव आहे, तेव्हा थोडं नाटक चालेल. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं. ३७ वर्षांनी पुण्यात किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं आणि शकुंतला आपल्या पदांमध्ये कायमची वस्तीला आली. पण महाभारतातल्या दुष्यंताला काहीही विसरायला झालेलं नाही. त्याला सगळं आठवतं. भर दरबारात तो तिला नाकारतो, मग आकाशवाणी होते. नायक खोटारडा ठरतो, म्हणून कालिदासानं ‘राजा तुला विसरेल’ हा दुर्वासाचा शाप घातला, ओळखीची अंगठी घातली. चॅनलच्या बैठकीत म्हणतात ना, ‘हिरो निगेटिव्ह नको’, तेच हे.

(पहिली चिठ्ठी आली. वाचली.)

चौथ्या अंकात शाप कोण ऐकतं? शकुंतला नाही, ती दुष्यंताच्या विचारात हरवलेली. ऐकतात तिच्या सख्या, अनसूया आणि प्रियंवदा. प्रियंवदा धावत जाऊन ऋषींकडून उःशाप मिळवते : ओळखीचा दागिना दिसला की शाप फिटेल. परत आल्यावर अनसूया म्हणते, हे आपल्या दोघींतच राहू दे, सखी नाजूक आहे, जपायला हवी. प्रियंवदाचं उत्तर ऐका : नेवाळीच्या वेलीला कढत पाणी कोण घालतं? झालं, ‘मेंदूवर ताण देऊ नका’! निरोप देताना त्या एवढंच सांगतात, राजाला ओळख पटायला वेळ लागला तर अंगठी दाखव. का दाखवायची, ते नाही सांगत. कारण कळलं असतं, तर वाटेतल्या शचीतीर्थावर पाण्याला हात जोडताना तिनं बोटाकडे दहादा पाहिलं असतं. अंगठी रोहित माशाच्या पोटात गेली ती या प्रेमळ मौनामुळे. दुर्वासानं निदान मोठ्यानं ओरडून तरी सांगितलं होतं.

आणि पाचव्या अंकाची सुरुवात! आतून राणी हंसपदिकेचं गाणं येतं आणि दुष्यंताला हुरहूर लागते. प्रिय माणसाचा विरह नसताना असं का व्हावं, त्याला कळत नाही. घटना पुसली गेली, भावना राहिली. १९११ साली क्लापारेद या स्विस डॉक्टरनं अशीच एक नोंद प्रसिद्ध केली. त्याच्या रुग्ण बाईला डॉक्टरही रोज नवा वाटायचा. एकदा त्यानं बोटांत टाचणी लपवून हस्तांदोलन केलं. पुढच्या भेटीत ती त्याला ओळखेना, पण हात काही पुढे करेना. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन यांचा अपस्माराच्या शस्त्रक्रियेत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या जागेचा, बराच भाग दोन्ही बाजूंनी गेला. नवी घटना मनात ठरेना. पण आरशात बघून चांदणी गिरवायचा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि रोज ते म्हणत, हे आपण प्रथमच करतोय.

दुसरी चिठ्ठी. बरं, लिहायची कशी, पळत सांगतो.

मेंदू माणूस निवडून विसरत नाही, काळ विसरतो. अलीकडचं आधी जातं, जुनं टिकतं. तेव्हा ‘फक्त बायको विसरला’ असं लिहू नका. दोन वर्षं पुसा, आणि लग्न दीड वर्षापूर्वीचं ठेवा. आई ओळखीची, बायको अनोळखी, आणि जिच्याशी तीन वर्षांपूर्वी जमलं होतं ती त्याच्या लेखी अजून आपलीच. त्रिकोण फुकट मिळाला, खोटं बोलणाऱ्या जावेची गरजच लागली नाही. स्वतःचं नाव जवळजवळ कुणी विसरत नाही. नावगाव सगळं गेलं आणि बाकी ठणठणीत असेल, तर डॉक्टर मनाच्या धक्क्याकडे बघतात.

पुन्हा डोक्यात नारळ पाडून स्मृती परत आणू नका. दुसरा मार पहिल्यापेक्षा घातक. चमत्कारच हवा असेल तर आजोबांना द्या : न्हाणीघरात पाय घसरला, कुणी मनावर घेतलं नाही, तीन-चार आठवड्यांनी आजोबा नावं चुकायला लागले, घरच्यांनी वय म्हणून सोडून दिलं. कवटीखाली रक्त साचलेलं असतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असली तर धोका जास्त. वेळेत भोक पाडून ते काढलं, तर आजोबा अनेकदा काही दिवसांत परत हिशेब विचारू लागतात.

आणि महत्त्वाचं. मार बसल्यावर गेलेला काळ साधारण जुन्या टोकाकडून भरत येतो. आधी तिला प्रथम पाहिल्याचं येईल, मग साखरपुडा, मग लग्न. पण अपघाताच्या लगेच आधीचा वेळ बहुधा परत येतच नाही, कारण तो साठवलाच गेला नव्हता. त्या अर्ध्या तासात गाडीत दोघं कडाकडा भांडत होती, हे लिहा. ती म्हणाली होती, मला सोड. ते आता तिला एकटीलाच ठाऊक आहे. सांगायचं की नाही? घ्या दोनशे भाग.

तिसरी चिठ्ठी. सहाव्या अंकात दुष्यंत अंगठीबद्दल सांगतो : तिच्यावर माझं नाव आहे, रोज एक अक्षर मोज, शेवटच्या अक्षराला पोचशील तेव्हा न्यायला माणूस आलेला असेल. दु, ष्यं, त. तीनच अक्षरं. माझ्याही तीन चिठ्ठ्या झाल्या, आणि न्यायला माणूस विंगेत उभा दिसतोय.