दात शेवटी उंदरालाच गेला

नमस्कार मंडळी. दुधाचा दात पडला की कौलावर फेकायचा आणि उंदीरमामाकडे नवा मागायचा, हे आपण सगळ्यांनी केलंय. आता कौलं कुठली म्हणा, स्लॅबवर फेकला तर सोलरच्या टाकीखाली जाऊन बसतो.

तर अमेरिकेत सोंगताओ शी म्हणून लहान मुलांचे दातांचे डॉक्टर, एनआयएच या सरकारी संस्थेत संशोधन करायचे. त्यांची 6 वर्षांची लेक म्हणाली दात काढून द्या. काढला, बापलेक तो निरखत बसले तर आत लालसर काहीतरी. आपण असतो तर हात धुवून जेवायला बसलो असतो, हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी दात घेऊन लॅबमध्ये. आतला गर शाबूत! थोड्या दिवसांनी दुसरा दात पडला, या वेळी बाबा तयारीत, पेशी वाढवायच्या द्रवात दात टाकला, गाडी काढली आणि थेट लॅब. त्या गरातून जिवंत स्टेम सेल, म्हणजे वेगवेगळ्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी, निघाल्या. मग लेकीचे आणखी दात, इतर पोरांचे दात, असं करत 2003 मध्ये संशोधनाचा पेपर आला. एका दातात अशा पेशी किती, तर 12 ते 20. हो, फक्त 12 ते 20, पण वाढतात भराभर. उंदरांच्या अंगात घातल्या तर त्या स्वतः हाड झाल्या नाहीत, मुकादमासारखं उंदराच्याच पेशींना कामाला लावून हाड बांधून घेतलं. म्हणजे दात शेवटी उंदरालाच गेला की!

पण म्हणून या पेशींसाठी दात साठवायच्या जाहिराती बघून लगेच पैसे भरू नका, माणसांतले हाडाचे उपचार अजून बरेचसे ट्रायलमध्येच आहेत. आईबापांच्या काळजीवर धंदा करणारे मला आवडत नाहीत, पण तो वेगळा विषय.

वेळ कमी आहे, जखम भरायला आपलं रक्तही कामी येतं, ते पटकन सांगतो. 2001 मध्ये फ्रान्समध्ये डॉक्टर शुक्रून यांनी पीआरएफ, म्हणजे रक्तातून बनवलेली जेली, आणलं. पेशंटचंच रक्त, न गोठायचं औषध न घालता, लगेच मशीनमध्ये गरगर फिरवायचं, ताक घुसळल्यासारखं. लाल पेशी तळाला, पाणी वर, मध्ये पिवळसर जेली. त्यात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, त्या जखम भरायचे निरोप सोडतात, ती जेली काढलेल्या दाताच्या खड्ड्यात बसवतात. जखम भरायला मदत होते, हाड किती भरेल याचे निकाल मात्र सारखे नाहीत.

आणि मशीन नसलं तरी दात काढल्यावर खड्ड्यात जी गुठळी होते ना, ती घाण नाही. परत सांगतो, घाण नाही, हाड तिथूनच भरायला लागतं. म्हणून पहिला दिवस खळखळून चूळ नको, थुंकणं नको, स्ट्रॉ नको आणि तंबाखू तर नकोच नको.