उंबऱ्यापासून पायवाटेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापुरात घर पाहायला गेलेला माणूस पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. नळाला पाणी किती दिवसांआड येते, किती वेळ टिकते, बोअर आहे का, हौद केवढा आहे, हे कळल्याशिवाय तो घराच्या खोल्याही नीट पाहत नाही. आणि उजनीच्या पाण्याकडे डोळे लावून बसणाऱ्या शहरात हे अगदी योग्य आहे. माझी विनंती एवढीच, की या प्रश्नाच्या शेजारी आणखी एका प्रश्नाला जागा द्यावी. या घरातून निघून मला, माझ्या मुलानातवंडांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना रोज निर्धास्तपणे चालता येईल का, सायकल चालवता येईल का?

आपल्या शहरात चालण्याच्या जागा नाहीत असे नाही. सिद्धेश्वर तलावाचा परिसर आहे, होम मैदान आहे, विजापूर रस्त्यावर आपण ज्याला अजूनही कंबर तलाव म्हणतो तो धर्मवीर संभाजी तलाव आणि स्मृती उद्यान आहे. पहाटे या ठिकाणी गेलात तर मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांतल्या गप्पा कानांवर पडतात. मात्र होम मैदानाच्या भरवशावर घर घेणाऱ्याने सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ध्यानात ठेवावी, कारण जानेवारीत ते मैदान यात्रेचे असते आणि तसेच असायला हवे.

घराच्या जाहिरातीत 'तलावापासून पाच मिनिटांवर' असे लिहिलेले असते, ती मिनिटे बहुधा मोटारसायकलची असतात. साधारण माणूस तासाला साडेचार किलोमीटर चालतो, म्हणजे मिनिटाला 75 मीटर. दहा मिनिटांत तो पाऊण किलोमीटरच जातो. पण अंतराहूनही महत्त्वाचे आहे ते त्या अंतरात काय काय ओलांडावे लागते हे, आणि ते मला स्वतःच्या घरशोधात कळले.

निवृत्तीनंतर आम्ही घर शोधत होतो. एका सदनिकेच्या गच्चीवरून तलावाचे पाणी दिसत होते, अंतर जेमतेम 600 मीटर होते, आणि आम्ही मनातल्या मनात तिथे राहायलाही गेलो होतो. बयाणा देण्याआधी एकदा चालून पाहू, असे माझ्या पत्नीने सुचवले. सकाळी सहा वाजता आम्ही त्या दारातून निघालो आणि मोठ्या रस्त्याच्या कडेला थांबलो ते थांबलोच. दुभाजकाला जवळपास वाट नव्हती, मालट्रक आणि एसटी गाड्या वेगाने जात होत्या, आणि गुडघेदुखी असलेल्या माणसाने धावत रस्ता ओलांडावा असे ते ठिकाण होते. आम्ही तलाव न पाहताच रिक्षाने परतलो. पुढे जे घर घेतले ते तलावापासून 1100 मीटरवर आहे, पण त्यातला जवळजवळ सगळा रस्ता वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांतून जातो आणि मोठा रस्ता फक्त एकदा, तोही सिग्नलपाशी ओलांडावा लागतो.

ही भीती मनाची नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी 32,825 पादचारी होते. वाहनाच्या धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 30 किलोमीटरऐवजी 50 चा वेग असेल तर ती दुपटीहून अधिक, जवळजवळ पावणेतीनपट होते. म्हणून घराभोवतीचे रस्ते नुसते रुंद असून भागत नाही. आपल्याकडे रुंद रस्ता हे भाव वाढवणारे लक्षण मानतात. माझे मत उलट आहे. ज्या गल्लीत वळणामुळे, गतिरोधकामुळे किंवा झाडांमुळे गाडी आपोआप सावकाश चालते, ती गल्ली मुलांच्या सायकलीसाठी चांगली. नव्या पेठेसारख्या जुन्या भागात गर्दी खूप असते, पण त्या गर्दीत वाहनाला वेगच घेता येत नाही. याउलट 1992 च्या हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांत रस्ते मोकळे आहेत, म्हणून तिथे पदपथ अधिक बारकाईने पाहावा.

पदपथ पाहताना सोबत मोजपट्टी न्यावी, यात संकोच करू नये. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पादचाऱ्याला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मिळायला हवी आणि पदपथाची कड 150 मिलिमीटरपेक्षा उंच नसावी. विजेची डीपी, दुकानाच्या पायऱ्या, लावलेल्या दुचाकी, गटारीची फुटलेली झाकणे हे सगळे वजा केल्यावर जे उरते ती खरी रुंदी. काठी टेकत चालणारी व्यक्ती किंवा बाबागाडी ढकलणारी आई तिथून जाऊ शकेल का, हे डोळ्यांसमोर आणावे.

घर एकाच वेळी पाहून ठरवू नये. पहाटे जी वाट प्रसन्न वाटते ती संध्याकाळी साडेसातला दिवे नसल्यामुळे ओसाड होते. त्या भागात रोज चालणाऱ्या स्त्रियांना विचारावे, कारण कोणत्या कोपऱ्यावर त्या पाऊल उचलून चालतात आणि कोणत्या ठिकाणी कुत्र्यांची टोळी असते, हे त्यांना दलालापेक्षा शंभरपट ठाऊक असते. आपल्याकडे उन्हाचाही विचार करावाच लागतो. पारा चाळिशीपार जातो त्या दिवसांत कडुनिंबाच्या रांगेखालची वाट आणि उघडी वाट यांत चालणे होणार की नाही एवढा फरक पडतो. उत्तर-दक्षिण रस्त्यावर झाडे असतील तर सकाळ-संध्याकाळ आडवी सावली मिळते. पूर्व-पश्चिम रस्त्यावर मात्र उगवत्या आणि मावळत्या सूर्याचा झोत थेट वाहनचालकाच्या डोळ्यांवर येतो, आणि नेमकी तीच वेळ सायकलीची असते.

'समोर बाग होणार आहे, सायकलमार्ग होणार आहे' या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. शहराच्या मंजूर विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवले आहे, हे महापालिकेकडून भाग नकाशा घेऊन पाहावे. तिथे बागेचे आरक्षण असले तरी ते कायमचे नसते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द होते. प्रकल्पाचा मंजूर नकाशा महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर पाहता येतो. त्यात प्रवेशद्वार मोठ्या रस्त्यावर उघडते की आतल्या गल्लीत, हे आवर्जून पाहावे. सायकल ठेवायला तळमजल्यावर जागा नसेल तर ती तिसऱ्या मजल्यावर चढवावी लागते, आणि मग महिन्याभरात ती धूळ खात पडते.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिकवणी आणि शाळा यांमधून हा तास वेगळा काढणे बहुतेक घरांना जमत नाही. शाळेची वाटच सायकलने जाण्याजोगी असेल तर तो तास बराचसा आपोआप भरून निघतो. आमची नात नऊ वर्षांची आहे. आता ती तलावापर्यंत सायकलने पुढे जाते आणि सिग्नलपाशी उतरून आमची वाट पाहत उभी राहते, कारण तेवढा एक रस्ता अजून आम्ही तिला एकटीने ओलांडू देत नाही.

नमस्कार.