काउंट कमी येतात त्या दिवशी

श्रोतेहो, नमस्कार. घरचे माणूस रुग्णालयात उपचार घेत असताना त्याच्या सोबतीला राहणाऱ्यांशी आज मला बोलायचे आहे, आणि तेही उपचार सुरळीत चालू असतात त्या दिवसांविषयी नव्हे, तर ते मध्येच अडतात त्या दिवसाविषयी.

माझ्या थोरल्या बहिणीला स्तनाच्या कर्करोगासाठी दर २१ दिवसांनी एक, अशा सहा केमो घ्यायच्या होत्या. ताईने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातील कालनिर्णयावर लाल पेनाने सहा तारखांना गोल केले. शेवटच्या गोलानंतर दोन आठवड्यांनी गौरी येत होत्या. तोवर अंगात थोडे त्राण येईल आणि गौरी आपल्या हाताने उभ्या करता येतील, असा तिचा हिशेब होता. तिसऱ्या केमोला आम्ही पहाटेची एसटी धरून पोहोचलो. रक्त दिले, रिपोर्ट आला, आणि त्यात न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ७४० होत्या. काउंट, म्हणजे रक्तातील पेशींची संख्या, कमी आहेत, आज केमोचे सलाईन लावता येणार नाही, आठ दिवसांनी पुन्हा तपासू, असे डॉक्टरांनी सांगितले.

मी लगेच म्हणालो, "अगं ताई, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे." ती मांडीवरच्या डब्याची कडी उघडत आणि लावत बसली होती. खाली बघतच ती म्हणाली, "तुझ्यासाठी आठ दिवस आहेत रे."

ते वाक्य माझ्या मनातून आजही गेलेले नाही. तिला धीर देण्याच्या नावाखाली मी खरे तर माझी स्वतःची अस्वस्थता लवकर मिटवू पाहत होतो. सलाईन चुकले याचे तिला वाईट वाटत नव्हते. तिने महिनाभर मनाशी धरून ठेवलेली तारीख निसटली होती, आणि त्या तारखेबरोबर गौरीही. काय निसटले ते विचारायच्या आधीच मी "काही होत नाही" म्हणून मोकळा झालो होतो.

सोबत करणाऱ्याने काउंट का उतरतात हे समजून घेणे फार गरजेचे आहे, कारण त्या अज्ञानातूनच रुग्णाला दोष दिला जातो. केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच झपाट्याने वाढत असतात. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस टिकतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, पण न्यूट्रोफिल रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस राहतात. म्हणून नवा पुरवठा थांबला की सर्वांत आधी तेच कमी होतात. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान ते तळाला जातात, मग सावरतात, आणि कधी सावरायला थोडा जास्त वेळ घेतात. काउंट कमी आले म्हणजे आजार वाढला असे नव्हे, आणि रुग्णाने काही चुकीचे केले असेही नव्हे. आमच्याकडे मात्र त्याच संध्याकाळी "तिने नीट खाल्ले नसेल" असे सांगणारे चार फोन आले आणि पपईच्या पानांचा रस सुचवणारे दोन. ते सारे मायेपोटीच होते, तरी प्रत्येक फोनगणिक ताई थोडी अधिक गप्प होत गेली. पुढे सगळे फोन दाजींनी आपल्याकडे घेतले, आणि घरातील इतर कोणत्याही मदतीपेक्षा त्या मदतीने तिला जास्त विसावा मिळाला, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र अजिबात सैल सोडू नये. या दिवसांत ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, तर परस्पर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये; रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. चौथ्या केमोनंतर ताईला असाच ताप आला आणि पाच दिवस दाखल राहावे लागले. या वेळी मी तिला काहीही समजावले नाही. पलंगाशेजारी बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती स्वतःच म्हणाली, "उद्या डॉक्टरांना काय काय विचारायचं ते लिहून घे." मी वही काढली. तिने पाच प्रश्न सांगितले आणि त्यातला शेवटचा असा होता की गौरीच्या दिवशी माणसांत बसता येईल का.

डॉक्टरांनी त्या प्रश्नाचे उत्तर इतर चारांइतक्याच गांभीर्याने दिले. त्या दिवसांत काउंट तळाला असतील, तेव्हा गर्दी टाळा, मास्क लावा, आजारी माणसाला जवळ येऊ देऊ नका, असे त्यांनी सांगितले.

त्यानंतर ताईने कालनिर्णयावरचे उरलेले लाल गोल खोडले आणि पेन्सिलीने फक्त पुढचा एक गोल काढला. गौरी आवाहनाला ती मधल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून, मास्क लावून बसली होती. तिची मुलगी पहिल्यांदाच गौरी नेसवत होती, आणि निऱ्या डावीकडे जात आहेत हे ताई तिला तिथूनच सांगत होती.